आडवाटेवर गाडी बंद पडली तर...

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला, की भंडारदऱ्याच्या दिशेने मुंबई-ठाणे, पुणे आणि नाशिककडून येणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. पहिल्या पावसाआधीचे काजवे पाहायचे, प्रवरेवरील विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी तंबूत एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर किंवा साम्रदची सांदण दरी पाहून परतायचे, हा शहरी कुटुंबांचा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. धरणालगतचे शेंडी गाव मागे पडले, की जलाशयाला वळसा घालणारा रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशा लहान वस्त्यांमधून जातो. हा सारा टापू १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. दोन वस्त्यांच्या मधे जंगल, चढ-उतार आणि वळणे. मोबाइलची रेंज एका वळणावर येते, दुसऱ्यावर जाते. गाडीत दोन लहान मुले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा, डिकीत तंबू आणि शिधा. आणि नेमकी अशा जागी गाडी बंद पडते.

शहरात हाच प्रसंग तासाभराच्या खोळंब्यावर निभावतो. आडवाटेवर मात्र गाडीतील बिघाडापेक्षा त्यानंतर घाईने घेतलेले निर्णय अधिक महाग पडतात. कोणी अंधारात गाव शोधायला निघतो, कोणी उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडतो, कोणी पाण्यात बंद पडलेली गाडी पुनःपुन्हा सुरू करू पाहतो. बिघाड दुरुस्त होण्याजोगा असतो. या चुका बऱ्याचदा तशा नसतात.

पहिली दहा मिनिटे

इंजिनाचा आवाज बदलला, जळका वास आला किंवा समोरच्या फलकावर लाल दिवा लागला, तर गाडी पूर्ण थांबेपर्यंत वाट न पाहता अंगात वेग आहे तोवरच थांबण्याची जागा हेरावी. इंजिन बंद झाले, की पॉवर स्टिअरिंग एकदम जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्यही दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते. आंधळे वळण, सैल दरडीचा पायथा, ओढ्याचे पात्र या जागा टाळाव्यात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावरही गाडी उभी करू नये. धूर बाहेर टाकणारा सायलेन्सर खालून इतका तापलेला असतो, की गवत पेट घेऊ शकते.

गाडी थांबताच चारही इंडिकेटर एकदम लुकलुकणारे बटण दाबावे, हँडब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा. लाल परावर्तक त्रिकोण गाडीमागे सुमारे ५० मीटरवर, म्हणजे साठ-पासष्ट पावलांवर ठेवावा. मागे वळण असेल तर तो वळणाच्या अलीकडे ठेवला तरच उपयोग. वळण ओलांडून आलेल्या चालकाला थांबायला वेळच उरत नाही. मंडळींनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून रस्त्यापासून दूर, पण दरीच्या काठापासूनही दूर उभे राहावे. गाडीच्या लगेच पुढे किंवा मागे कोणीही थांबू नये.

मुलांची जबाबदारी एका मोठ्या माणसावर नाव घेऊन सोपवावी. ‘सगळ्यांनीच लक्ष ठेवा’ असे म्हटले, की कोणाचेच लक्ष राहत नाही. बॉनेट उघडून घरातील सर्व पुरुषांनी आत डोकावत उभे राहणे हा आपल्याकडचा जुना विधी आहे. त्याने गाडी सुरू झाल्याचे फारसे ऐकिवात नाही, मुले मात्र तेवढ्या वेळात रस्त्यावर धावतात.

यानंतर हिशेब मांडावा तो गाडीचा नव्हे, तर हाताशी काय आहे याचा. सूर्यास्ताला किती वेळ उरला? पिण्याचे पाणी किती? आजोबांची रात्रीची गोळी कोणत्या पिशवीत आहे? कोणाच्या मोबाइलमध्ये किती चार्जिंग आहे? शेवटची वस्ती किती किलोमीटर मागे पडली? पुढील प्रत्येक निर्णय या उत्तरांवर ठरतो.

थांबावे की निघावे?

आडरानात अडकलेल्या कुटुंबापुढील सर्वांत अवघड प्रश्न हाच. या संदर्भात अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००६ च्या नोव्हेंबरमध्ये घडलेली घटना जगभर चर्चिली गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे पत्रकार जेम्स किम पत्नी आणि दोन लहान मुलींसह मोटारीने समुद्रकिनाऱ्याकडे निघाले होते. महामार्गावरील वळण चुकले, डोंगरातील आडवाट धरली आणि गाडी बर्फात अडकली. कुटुंबाने आठवडाभर गाडीतच तग धरली. इंधन असेतो इंजिन चालवून ऊब घेतली, पुढे टायरही जाळले. २ डिसेंबरला किम मदत शोधण्यासाठी पायी निघाले. ४ डिसेंबरला पत्नी आणि दोन्ही मुली गाडीजवळ हेलिकॉप्टरला दिसल्या आणि वाचल्या. किम यांचा मृतदेह ६ डिसेंबरला सापडला. थंडीने त्यांचा बळी घेतला होता. शोध त्या भागात वळला, तोही त्यांच्या मोबाइलचा एका टॉवरशी क्षणभर जो संपर्क झाला होता त्याच्या आधारे.

किम यांनी सात दिवस वाट पाहिली होती आणि अन्न-इंधन संपल्यावरच ते निघाले, त्यामुळे दुरून त्यांना दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. पण शोध घेणाऱ्यांचा अनुभव या घटनेत स्पष्ट दिसतो. गाडी मोठी असते, चकाकते, रस्त्यावर असते. माणूस झाडीत दिसत नाही. शिवाय गाडी म्हणजे छप्पर, दिवा, हॉर्न आणि सामान यांचा साठा.

सह्याद्रीत बर्फ नाही आणि वस्ती सहसा दहा-बारा किलोमीटरच्या आत असते, हे खरे. म्हणून ‘गाडी कधीच सोडू नये’ हा नियम येथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. मदतीसाठी चालत जायचेच असेल, तर काही अटी पाळाव्यात. सूर्यास्ताला किमान दोन तास हवेत. आल्या वाटेवर पाहिलेल्या, खात्रीच्या वस्तीकडेच जावे. नकाशात दिसणाऱ्या पण न पाहिलेल्या वस्तीकडे नव्हे. डांबरी रस्ता सोडून जवळची पाऊलवाट धरू नये. शक्यतो दोन मोठ्या माणसांनी मिळून जावे, पण मुलांजवळ एक तरी मोठे माणूस राहिलेच पाहिजे. गाडीत दोनच मोठी माणसे असतील, तर वाटणी न करता सर्वांनी एकत्र थांबणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. निघण्याची वेळ, दिशा आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून गाडीत ठेवावी.

अंधार पडला असेल, तर प्रश्न संपला. पावसाळी धुक्यात दरीचा काठ दिसत नाही, रात्री रस्त्यावर घोणस-फुरसे येतात, आणि अकोले-जुन्नर पट्ट्यात बिबट्याचा वावर सर्वज्ञात आहे. सकाळपर्यंत गाडीतच थांबावे. खेड्यांत सकाळ लवकर होते, हे शहरी माणूस विसरतो. ज्या गावात एसटीची मुक्कामी गाडी असते, ती भल्या पहाटे तालुक्याकडे निघते. दुधाची गाडी, शाळेचे शिक्षक, बाजाराला निघालेली जीप त्याच सुमारास रस्त्यावर असतात. एसटीच्या चालक-वाहकाला त्या मार्गावरील प्रत्येक पंक्चरवाला आणि मिस्त्री माहीत असतो. निरोप पोहोचवण्याचे काम ते आनंदाने करतात.

मदत कशी मागावी

पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक महाराष्ट्रात २०२१ पासून कार्यरत आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे. राष्ट्रीय महामार्गावर बिघाड झाल्यास १०३३ वर संपर्क साधता येतो, मात्र गावाकडे वळलेल्या जिल्हा मार्गावर त्या सेवेची गाडी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी त्या जागी अन्य कोणत्याही कंपनीचे जाळे उपलब्ध असेल तर ११२ हा आपत्कालीन फोन त्यावरून लागू शकतो. ‘नो सर्व्हिस’ पाहून प्रयत्नच सोडू नये.

फोन लागला, की आधी जागा सांगावी, मग बिघाड. फोन घेणारी व्यक्ती दूरच्या केंद्रात बसलेली असते. ‘धरणाच्या पलीकडे, मोठ्या झाडाजवळ’ एवढ्याने तिला काहीच कळत नाही. जिल्हा, तालुका, मागे पडलेले गाव, पुढील गाव आणि जवळच्या मैलाच्या दगडावरील मजकूर सांगावा. दगडाच्या माथ्याचा रंगही उपयोगी असतो. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, तर केशरी पंतप्रधान ग्रामसडक योजनेतील रस्त्याचा. भंडारदऱ्याच्या बाबतीत लक्षात ठेवायचे, ते असे की तालुका अकोले आहे आणि जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर. इगतपुरी-घोटीकडून येणारी अनेक मंडळी घाईत नाशिक सांगतात. मोबाइलमधील नकाशाने दाखवलेले अक्षांश-रेखांश सांगता आले तर उत्तम.

रेंज तुटक असेल, तर बोलण्यापेक्षा साधा एसएमएस पोहोचण्याची शक्यता जास्त असते. गाव, गाडीचा क्रमांक, माणसांची संख्या आणि ‘सर्व सुखरूप’ किंवा काय ते दुखणे, एवढे एका निरोपात लिहून घरच्या एकाच जबाबदार व्यक्तीला पाठवावे आणि पुढील फोनाफोनी तिच्यावर सोपवावी. बंद गाडीतल्या चार माणसांनी चार नातेवाइकांना फोन लावले, की चारही मोबाइल रात्री नऊपर्यंत संपतात. एक मोबाइल बंद करून राखीव ठेवावा. रेंज नसलेल्या जागी मोबाइल सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातच त्याची बॅटरी झपाट्याने उतरते. म्हणून चालू मोबाइलही मधल्या काळात फ्लाइट मोडवर ठेवावा.

गावकऱ्यांची मदत मिळतेच. पोलीस पाटील किंवा सरपंच यांचे घर विचारावे. ट्रॅक्टर कोणाकडे आहे, आश्रमशाळेचा फोन चालू आहे का, हे त्यांना ठाऊक असते. ट्रॅक्टरवाल्याचा अर्धा दिवस मोडतो, तेव्हा डिझेलचे आणि कष्टाचे पैसे आधीच बोलून घ्यावेत आणि बिनघासाघीस द्यावेत.

मुक्कामात उतरलेली बॅटरी

तंबूच्या सहलीतील सर्वांत नेहमीचा बिघाड हा यंत्राचा नसून वापराचा असतो. सायंकाळी गाडीच्या हेडलाइटच्या उजेडात तंबू उभारला जातो, हवेची गादी गाडीच्या सॉकेटवरील पंपाने फुगवली जाते, डिकी उघडी ठेवून गाणी लावली जातात, पाच मोबाइल चार्जिंगला असतात. सकाळी चावी फिरवली, की नुसता ‘टक्’ असा आवाज.

यामागील हिशेब साधा आहे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे पूर्ण भरलेली नवी बॅटरीही इंजिन बंद ठेवून नुसत्या हेडलाइटवर चार तासांच्या आत संपते, आणि स्टार्टर फिरवण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी जाते. तीन-चार वर्षे जुन्या बॅटरीला तासभरही पुरतो. म्हणून तंबूपाशी गाडीचे दिवे वापरू नयेत, त्यासाठी स्वतंत्र कंदील-बॅटरी न्यावी. डिकीचे झाकण रात्रभर अर्धवट लागलेले नाही ना, हे झोपण्यापूर्वी पाहावे.

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीवरून जंपर केबलने जीव देता येतो, पण क्रम चुकता कामा नये. दोन्ही गाड्या बंद ठेवून लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो आणि शेवटच्या जोडणीवेळी ठिणगी उडते, म्हणून ही काळजी. चांगली गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि मग दुसरी सुरू करून पाहावी. केबल उलट्या क्रमाने काढाव्यात. त्यानंतर इंजिन लगेच बंद न करता किमान अर्धा तास गाडी चालवावी.

गिअरची गाडी धक्क्यावर सुरू होऊ शकते. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने थोडा वेग घेतला की क्लच झटकन सोडायचा. हे सपाट किंवा किंचित उताराच्या मोकळ्या जागीच करावे, घाटाच्या उतारावर कधीही नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही, त्यात शक्ती वाया घालवू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीतही दिवे, कुलपे आणि नियंत्रणासाठी बहुधा १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असते आणि ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

मुक्कामानंतर सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून आत एक नजर टाकावी. उबदार इंजिनापाशी उंदीर येतात, वायरी कुरतडतात आणि त्यांच्यामागे कधी सापही येतो.

चाक

पंक्चर हा प्रवासातील जुना सोबती असला, तरी स्टेपनीबाबतचे गृहीत आता तपासून घ्यावे लागते. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे किट असल्यास प्रवासी मोटारीला सुटे चाक देण्याचे बंधन २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन शिथिल झाले. अनेक गाड्यांत स्टेपनी असते, पण अरुंद असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. किटमधील द्रव रस्त्याला टेकणाऱ्या भागातील खिळ्याचे भोक बुजवतो. दगडाने टायरची बाजू फाटली तर तो निरुपयोगी ठरतो, आणि घाटातील कच्च्या रस्त्यावर बाजू फाटण्याचे प्रकारच अधिक. आडवाटेच्या सहलीला म्हणूनच स्टेपनी सोबत असावी आणि तिच्यातील हवा निघण्यापूर्वी तपासलेली असावी. स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल, तर शिधा-तंबू वर रचताना ती कशी निघेल याचाही विचार व्हावा.

चाक बदलण्याची जागा कठीण आणि सपाट हवी. मऊ जमिनीवर जॅकखाली जाड फळी ठेवावी. सर्वांना गाडीतून उतरवावे. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत, कारण उचललेल्या चाकावर पान्याने जोर लावला तर गाडी जॅकवरून घसरते. काढण्यापूर्वी स्टेपनी गाडीच्या खाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकते, हातापायावर नाही. नट समोरासमोरचे, आलटून-पालटून आवळावेत आणि गाडी खाली उतरवल्यावर पुन्हा पक्के करावेत. पन्नासेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. कारखान्यात यंत्राने आवळलेले नट गाडीसोबतच्या आखूड पान्याने घरातील प्रत्येकाला सुटतातच असे नाही. हे जंगलात कळण्यापेक्षा आपल्या इमारतीच्या आवारात एका रविवारी कळलेले बरे.

तापलेले इंजिन, तापलेले ब्रेक

मे महिन्याची दुपार, भरलेली गाडी, टपावर सामान, एसी चालू आणि पुढे रखडत चढणारा ट्रक. इंजिन तापण्यासाठी एवढे पुरते. तापमानाचा काटा वर सरकू लागताच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण उष्णतेवर, पंखा जोरात करून काचा उघडाव्यात. आत बसणाऱ्यांना ते असह्य वाटते, पण हीटर म्हणजे इंजिनाची उष्णता बाहेर काढणारा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावे.

त्यानंतर किमान अर्धा तास काहीही करू नये. रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांवर न उकळता १२० अंशांच्या आसपासही द्रवरूप राहते. झाकण उघडताच दाब सुटतो आणि वाफेचा फवारा तोंडावर येतो. घाटातील भाजण्याचे किती तरी प्रसंग केवळ या घाईतून घडतात. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा विजेवरील पंखा अचानक फिरू लागतो, म्हणून मुलांना बॉनेटजवळ येऊ देऊ नये. हाताला गरम न लागण्याइतके थंड झाल्यावर कूलंटच्या प्लास्टिक टाकीतील पातळी पाहावी आणि कमी असल्यास थोडे थोडे पाणी घालावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. होज पाइप फाटला असेल आणि पाणी वाहून जात असेल, तर ‘पाणी घालत घालत गावापर्यंत जाऊ’ हा मोह टाळावा. दोन-चार किलोमीटरच्या त्या हट्टापायी हेड गॅसकेट जाते आणि दुरुस्तीचा आकडा कित्येक पटींनी वाढतो.

उतारावर तापतात ते ब्रेक. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक आजही तितकाच खरा आहे. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास पट्ट्या तापतात, त्यांची पकड कमी होते आणि ब्रेक ऑइल उकळून त्यात बुडबुडे झाले, तर पेडल थेट तळाला जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घटतो, म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. जळका वास आला, की मोकळी जागा पाहून अर्धा तास थांबावे. चाकांवर पाणी ओतू नये. पेडल अचानक खाली गेलेच, तर ते भराभर दाबत राहावे, एकेक गिअर खाली उतरवावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये आणि दुसरा इलाज उरला नाही, तर गाडी डोंगराच्या बाजूला घासत न्यावी.

गाळ आणि पाणी

जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात ओसरते आणि काठावर मोकळी सपाट जमीन दिसू लागते. वरची साय वाळलेली असली, तरी खाली गाळ ओला असतो. पाण्याच्या अगदी कडेला गाडी नेण्याचा हव्यास येथे अंगाशी येतो. चाक फिरू लागले, की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा. प्रत्येक फेरीत चाक आणखी रुतते. पुढील चाकांमागचा गाळ हाताने काढून खाली पायपुसणी, फांद्या किंवा दगड घालावेत, सामान उतरवावे आणि आल्या वाटेनेच, मागच्या गिअरमध्ये, हलक्या पायाने बाहेर यावे. दोरीने ओढायचे असेल, तर गाडीच्या हत्यारांसोबत मिळणारा लोखंडी हुक बंपरवरील झाकण काढून पूर्ण आवळून बसवावा. दोरी बंपरला बांधू नये. दोरी ताणलेली असताना तिच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेली दोरी चाबकासारखी येते.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालायची नाही, एवढाच नियम. फूटभर वाहते पाणी लहान गाडी तरंगवते, दोन फूट पाणी जवळपास कोणतीही मोटार वाहून नेते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूलच पुरात गेला आणि दोन एसटी गाड्यांसह प्रवासी वाहून गेले. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे गाडीतून दिसत नसते. गाडी पाण्यात बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करू नये. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, उलट आतील दांडे वाकवते. हे नुकसान नेहमीच्या सर्वंकष विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचा वेगळा जोडविमा लागतो.

गाडीतली रात्र

रात्र गाडीत काढणे गैरसोयीचे असले, तरी धोक्याचे नाही. एक अपवाद सोडून. इंजिन आणि एसी चालू ठेवून, काचा पूर्ण बंद करून झोपू नये. सायलेन्सर गाळात किंवा गवतात दबला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. या वायूला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. दोन काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात. शेगडी किंवा बार्बेक्यूचे निखारे ऊब म्हणून गाडीत वा तंबूत आणणेही तितकेच घातक.

उन्हात उलट काळजी घ्यावी लागते. बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते. चावी आत राहून दारे लागली आणि मूल आत असेल, तर मिस्त्रीची वाट पाहू नये. मुलापासून सर्वांत दूरच्या दाराची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडावी. पुढची मोठी काच फोडण्याच्या भानगडीत पडू नये. ती दोन थरांची असते आणि निघत नाही. चावीतील सेल संपल्यामुळे दार उघडत नसेल, तर बहुतेक रिमोट चाव्यांच्या पोटात साधी धातूची चावी दडवलेली असते.

मुलांना जे घडले ते सरळ सांगावे आणि काम द्यावे. पाण्याच्या बाटल्या मोजणे, टॉर्च सांभाळणे, येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकणे. घाबरलेल्या मुलापेक्षा कामात गुंतलेले मूल सांभाळणे सोपे असते.

गाडी उचलून नेताना

निघण्यापूर्वी विम्यासोबत रस्त्यावरील मदतीची जोडसेवा आहे का आणि ती मुदतीत आहे का, हे पाहावे. त्या सेवेत गाडी किती किलोमीटर फुकट ओढून नेतात, याला मर्यादा असते. पुढील प्रत्येक किलोमीटरचे पैसे पडतात. पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीचा दूरध्वनी कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावा, मोबाइल संपला की मोबाइलमधील पॉलिसी उपयोगाची नसते. त्याच कप्प्यात टॉर्च, टायरमधील हवा मोजण्याचे मीटर आणि दोन सुटे फ्यूज असावेत. डिकीत जंपर केबल, दोरी, जाड फळी, पाच लिटर जादा पाणी आणि एक जुनी चादर.

मदतीची गाडी येईल, तेव्हा ऑटोमॅटिक, चारही चाकांना शक्ती पुरवणारी किंवा विजेवरील मोटार सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यावी, असा आग्रह धरावा. दोन चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास गिअरबॉक्स किंवा मोटर निकामी होऊ शकते, हे फोनवरच सांगून ठेवावे. ट्रकच्या केबिनमध्ये फार तर दोघांनाच जागा असते. उरलेल्या मंडळींसाठी दुसरे वाहन आल्याशिवाय गाडी हलवू देऊ नये. गाडी वर चढण्यापूर्वी औषधांची पिशवी, पाणी आणि मुलांची सीट बाहेर काढावी, चारही बाजूंनी आणि किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे आणि गाडी कोणत्या गावातील कोणत्या गॅरेजला उतरणार, ते पावतीवर लिहून घ्यावे.